अर्धें वाक्य

परभाषा शिकूं लागलेल्या मनुष्यास खरा धोका आरंभीं नसून मध्यावर असतो, असें आमचें अनुभवान्तीं मत झालें आहे. आरंभीं त्यास कांहींच येत नसतें, आणि ही गोष्ट त्यास जितकी ठाऊक असते तितकीच ऐकणारासही असते. त्यानें नुसतें 'पाणी' म्हटलें तरी लोक कौतुकानें पेला पुढें करितात. मध्यावर पोंचलेल्याची गोष्ट निराळी. त्याचें व्याकरण सुधारलेलें असतें, वाक्यें पुरीं होऊं लागलेलीं असतात, आणि वाक्य शुद्ध आहे एवढ्यावरून तें बोलण्याजोगेंही आहे अशी त्याची समजूत होऊन बसते. जपानी भाषेच्या बाबतींत ही समजूत आम्हांस कशी भोंवली, तें सांगण्यासाठीं हा लेखनप्रपंच आहे.

आमच्या एकुलत्या एका कन्येनें योकोहामा येथें संसार मांडला तो तेथल्याच एका तरुणाशीं. व्याही व विहीणबाई दोघेंही सालस माणसें; परंतु त्यांस इंग्रजी येईना आणि आम्हांस जपानी. पहिल्या भेटींत उभयपक्षीं जें संभाषण झालें तें सारें वांकून केलेल्या नमस्कारांचेंच. जिच्या घरीं आपली मुलगी नांदते तिच्याशीं चार शब्द बोलतां येऊं नयेत, ही गोष्ट मनास लागली; आणि साठी उलटल्यावर आम्ही पुण्यांतील एका वर्गांत नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारीं जाऊन बसलों. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हें ओकायामा येथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलें आहे. क्रियापदांचीं रूपें आम्हीं पाठ केलीं तीं तेथल्याच तळ्याकांठीं फेऱ्या घालीत.

मराठी मनुष्यास ही भाषा वाटते तितकी परकी नाहीं. क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें. विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून येतात. आपल्या 'धडधडी'स तेथें 'दोकिदोकि' आहे. घरांतून बाहेर पडतांना आपण 'जातों' असें अभद्र न बोलतां 'येतों' म्हणतों; जपानी मनुष्यही 'इत्ते किमासु', म्हणजे 'जाऊन येतों', असेंच म्हणतो. हें प्रथम समजलें त्या दिवशीं आम्हांस एखादा दूरचा भाऊबंद सांपडल्याचा आनंद झाला. जपानी भाषेच्या ज्या सर्वमान्य परीक्षेस १९८४ सालीं प्रारंभ झाला, तिच्या मूळच्या चार पायऱ्यांत २०१० सालीं 'एन-तीन' नांवाची एक मधली पायरी घालण्यांत आली. तीही आम्ही चढलों. ह्या परीक्षेंत वाचन असतें, व्याकरण असतें, ऐकणेंही असतें. बोलणें मात्र नसतें. ही उणीव तेव्हां आमच्या ध्यानांत आली नाहीं.

परीक्षेचा निकाल गांठीं बांधून आम्ही पुनः योकोहामास गेलों. भोजनसमयीं विहीणबाईंनीं 'आपलें जपानी फार चांगलें आहे' असें म्हटलें. ह्यावर 'छे, अजून कोठें' असें उत्तर देण्याची तिकडे रीत आहे. आम्हीं मनापासून आभार मानले, आणि तेवढ्यावर न थांबतां, 'तुम्ही पुण्यास कधीं येणार?' असें कर्ता, काल व स्थल ह्यांसह एक अखंड वाक्य टाकलें. पाठ्यपुस्तकाच्या आज्ञेनुसार 'तुम्ही' ह्याकरितां 'अनाता' हा शब्द योजला होता. विहीणबाईंनीं ओठांवर हात नेला. कन्या मराठींत पुटपुटली, 'बाबा, तुम्ही आत्तां आईंना "अहो" म्हणालांत!' जपानांत पत्नी पतीस 'अनाता' अशी हांक मारते, हें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें. जपानी मनुष्य 'मी' म्हणतांना छातीवर हात न ठेवतां नाकाकडे बोट करतो. व्याह्यांनीं तसें बोट केलें आणि गंभीर मुद्रेनें म्हणाले, 'हाय!' ह्या घरांतला 'अनाता' मी आहें, असा त्याचा अर्थ. मग जो हंशा पिकला त्यांत आमची लाज वाहून गेली. त्या दिवसापासून हे गृहस्थ आम्हांस आपले वाटूं लागले.

पुण्यास परत आल्यावर आमच्या शिक्षिकाबाईंनीं उलगडा केला तो असा. वडीलधाऱ्या माणसास जपानींत सर्वनामानें संबोधीतच नाहींत. नांव किंवा नातें घेतात, अथवा कर्ता अध्याहृत ठेवून क्रियापदावरून तो ओळखूं देतात. दुसऱ्याच्या येण्यास एक आदराचें क्रियापद आहे, आपल्या येण्यास दुसरें नम्रतेचें. ह्यांत आम्हांस सर्वांत जड गेलें तें हें कीं, परक्यासमोर बोलतांना आपल्या वडिलांसही नम्रतेचेंच क्रियापद लावावयाचें. कारण तेथें वडील 'आपल्यां'त मोडतात आणि मान 'दुसऱ्या'चा असतो. मराठी जिभेस हें सोसत नाहीं. 'आमचे वडील आले' ह्यांतला आदर आम्ही परक्यासाठीं सोडीत नाहीं. नियम दोन दिवसांत कळला; वळण पडावयास वर्ष लागलें.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. समोरचा बोलत असतां निमूटपणें ऐकणें ही आम्ही सभ्यता मानतों. जपानी मनुष्य दूरध्वनीवर अशा शांततेनें गोंधळून 'मोशिमोशि?' असें विचारूं लागतो. मधून मधून 'हाय', 'ए' असे उद्गार काढावे लागतात. 'हाय' म्हणजे दर वेळीं 'होय' नव्हे. 'ऐकतों आहें' एवढाच पुष्कळदां त्याचा अर्थ. ह्यास 'आइझुचि' म्हणतात. ऐरणीवर दोन लोहार आळीपाळीनें घण घालतात, त्यावरून हा शब्द निघाला. लहानपणीं आजी गोष्ट सांगे तेव्हां आम्हांस हुंकार द्यावा लागे, आणि हुंकार थांबला कीं गोष्टही थांबे. त्याची आठवण झाली.

पुढें एके वर्षीं फेब्रुवारींत कन्येचा दूरध्वनी आला. व्याही गेले. आमची प्रकृति प्रवासाजोगी नव्हती. विहीणबाईंशीं दूरध्वनीवरच बोलणें प्राप्त होतें. आम्हीं शिक्षिकाबाईंकडे धांव घेतली. त्यांनीं दोन गोष्टी बजावल्या. 'वारंवार', 'पुनःपुनः' अशा अर्थाचे शब्द तोंडांतून जाऊं द्यावयाचे नाहींत, कारण त्यांनीं दुःखाची आवृत्ति सूचित होते. हें आम्हांस समजाविण्याची गरज नव्हती. बांगडी फुटली असें न म्हणतां ती वाढवली म्हणणारे, आणि समाचारास जाऊन निघतांना 'येतों' हा शब्द गिळणारे आम्ही. दुसरी गोष्ट मात्र नवी होती. त्यांनीं एक वाक्य लिहून दिलें: 'नान्तो मोशिआगेते योइ का…' म्हणजे, 'काय बोलावें, तें…'. पुढें काय, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, 'पुढें कांहीं नाहीं. एवढेंच म्हणावयाचें.'

आम्हीं तेवढेंच म्हटलें. आवाज आपोआपच बसला होता. अभिनयाची जरूर पडली नाहीं. मग विहीणबाई बोलूं लागल्या. अर्धें समजलें, अर्धें नाहीं. आम्ही 'ए… ए…' असा हुंकार देत राहिलों, आणि आजीच्या गोष्टीप्रमाणें तें बोलणें थांबलें नाहीं. शेवटीं त्यांनीं सांगितलें तें मात्र शब्दन् शब्द कळलें. सकाळीं देव्हाऱ्यांतील पतीच्या तसबिरीपुढें चहा ठेवतांना संवयीनें त्यांच्या तोंडून 'अनाता' अशी हांक गेली. आणि मग त्यांस आमचें तें भोजनप्रसंगींचें वाक्य आठवून एकटीलाच हंसूं आलें. सांगतांनाही त्या किंचित् हंसल्या. 'आतां हा शब्द…' असें म्हणाल्या आणि थांबल्या.

परीक्षेंत अशा ठिकाणीं गाळलेली जागा भरावयाची असते, व चार पर्यायांतला एक बरोबर असतो. आम्हीं कांहीं भरलें नाहीं. फक्त 'ए' म्हटलें, आणि दोन्ही बाजूंस बराच वेळ कोणी बोललें नाहीं. विहीणबाईंनीं 'मोशिमोशि' असें विचारलें नाहीं.