परत न केलेली वही

कोरियन मालिकांविषयी माझं मत फारसं चांगलं नव्हतं, आणि ते मी एकही मालिका न पाहता बनवलेलं होतं. पुस्तक वाचल्याशिवाय त्यावर बोलू नये, असं मी वर्गात दरवर्षी बजावते. मालिकांना मात्र हा नियम मी लावला नव्हता. माझी अकरावीतली मुलगी ताट मांडीवर घेऊन त्या बघत बसे, आणि मी त्या ताटावरून तिच्याशी भांडे. शेवटी मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलरसमोर दुसरी जागाच नव्हती म्हणून, मीही तिच्या शेजारी बसले.

मालिकेचं नाव 'रिप्लाय १९८८'. सोलमधली एक गल्ली आणि त्या गल्लीतली पाच कुटुंबं. एका घरी काही खास शिजलं की भांडं दुसऱ्या घरी जातं, आणि रिकामं म्हणून परत येत नाही. मी म्हटलं, अगं, ही तर आमची औरंगपुऱ्यातली गल्ली! इथवर सगळं गोडच होतं. पुढे एका भागात त्यातल्या एका घरची थोरली मुलगी सरकारविरोधी निदर्शनांत असल्याचं कळतं आणि पोलीस तिला न्यायला येतात. पाऊस कोसळतो आहे, आणि तिची आई त्या पोलिसांपुढे उभी राहून सांगते आहे, माझी मुलगी किती गुणी, किती हुशार... माझे डोळे भरून आले. सबब सांगायला हाताशी कांदाही नव्हता.

त्यानंतर मी मुलीच्या मागे लागून एकेक मालिका पाहिली आणि, जुनी सवय, त्यामागचा इतिहासही वाचला. एप्रिल १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या उठावामुळे कोरियाच्या अध्यक्षांना, सिंगमन री यांना, पायउतार व्हावं लागलं. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्करी कायद्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठाच्या फाटकाशीच सैनिक तुटून पडले. सारं शहर उठलं, आणि २७ मे रोजी सैन्याने ते पुन्हा ताब्यात घेतलं. जानेवारी १९८७ मध्ये पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी पोलिसांच्या छळाने मेला. त्या जूनमध्ये लोक रस्त्यावर आले, आणि अध्यक्ष थेट मतदानाने निवडण्याचा हक्क मिळवूनच थांबले.

ग्वांगजूविषयी तर कित्येक वर्षं उघड बोलायची चोरी होती. तरी १९९५ साली 'सँडग्लास' नावाच्या मालिकेत ते घरोघरच्या बैठकीत दिसलं. म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत! डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी पुन्हा लष्करी कायदा पुकारला, तेव्हा माणसं रात्रीच संसदेकडे धावली आणि काही तासांत तो मागे घ्यावा लागला. धावणाऱ्यांतल्या कित्येक तरुणांनी ग्वांगजू फक्त पडद्यावरच पाहिलं असेल, असं मला आपलं वाटतं.

'युथ ऑफ मे' ही मालिका संपली त्या संध्याकाळी मुलगी गप्प होती. त्यात निदर्शनं करणारा एक विद्यार्थी सक्तीच्या लष्करी नोकरीत जातो, आणि त्यालाच ग्वांगजूला धाडतात. ती अण्णांजवळ, म्हणजे माझ्या सासऱ्यांजवळ, जाऊन बसली.

"आजोबा, आपल्या इथल्या मुलांनी असं कधी केलं होतं?"

अण्णा खुलले. १९३८ ची गोष्ट त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. निजामाच्या राज्यात इथल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मुलांनी वंदे मातरम् म्हटलं, बंदी आली, ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचलं. मुलांना काढून टाकलं, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना पदरात घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव त्याच मुलांपैकी. ही गोष्ट अण्णांना तोंडपाठ आहे.

"पण हे तुमच्या जन्माआधीचं. तुम्ही शिकत होतात तेव्हा काय झालं?"

"तेव्हा नामांतर," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कप खाली ठेवला.

नामांतर म्हटलं की आजच्या मुलांना शहराचं नाव आठवतं. आमच्या डोळ्यांपुढे विद्यापीठ येतं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला, आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या जळल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. मग सत्याग्रह, तुरुंग, १९७९ चा लाँग मार्च. नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला. मी तेव्हा शाळेत होते. त्या संक्रांतीला आईने दिवसभर घराबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं. दलित साहित्य शिकवताना हे सगळं मी वर्गात सांगते. घरात कोणाला कधी विचारलं नव्हतं.

"तुम्ही कुठल्या बाजूला होतात?" मुलीने विचारलं.

"मोर्चात होतो."

"नाव द्या म्हणणाऱ्या?"

"नको म्हणणाऱ्या."

"घोषणा दिल्यात?"

"दिल्या. सगळेच देत होते." मग बराच वेळ पंख्याचाच आवाज. "मराठवाड्याचं नाव जाऊ नये, एवढंच वाटत होतं, असं मी मनाला पुष्कळ वर्षं सांगत आलो बाळ."

मी चहाचे कप उचलायला वाकले, तर अण्णा मला म्हणाले, "माळ्यावरची ती हिरवी ट्रंक काढ."

ट्रंकेत जुनी प्रमाणपत्रं, लग्नाची पत्रिका आणि तळाशी पुठ्ठ्याच्या बांधणीची एक वही. अर्थशास्त्राची टिपणं; अक्षर अण्णांचं नव्हे, त्यांच्यापेक्षा कितीतरी सुरेख. एम. ए. ला त्यांच्या बाकावर बसणाऱ्या मित्राची ती वही. परीक्षेसाठी चार दिवस मागून आणलेली. तो नागसेनवनाकडे खोली करून राहत असे. दंगल उसळल्यावर आईवडिलांची खबर घ्यायला गावी गेला, तो वर्गात पुन्हा दिसला नाही.

"तुम्ही गेला नाहीत त्याच्याकडे?"

"कोणत्या तोंडाने जाणार?"

मुलीने वही हातात घेतली. पहिल्या पानावर शाईने नाव लिहिलेलं, खाली गाव, तालुका. गावाचं नाव ओल लागून पसरलं होतं. तिने पान खिडकीपाशी उजेडात धरलं, मोबाइलवर नकाशा उघडला आणि पहिलं अक्षर 'प' आहे की 'ष' याचा तर्क करू लागली.

अण्णांनी माझ्याकडे हात पुढे केला. "चष्मा दे पाहू."