शिशावरची साय

काकांच्या छापखान्यात मामलेदार कचेरीचे जाहीरनामे आणि सोसायट्यांची पावतीपुस्तके छापली जात, आणि छापून छापून झिजलेले खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, मागच्या पडवीत लोखंडी कढईत वितळवून त्यांच्या लगडी पाडल्या जात. त्या लगडींच्या मोबदल्यात मुंबईच्या फौंड्रीकडून नवे खिळे येत. रस तापला की त्यावर दुधावर साय धरावी तसा करडा, सुरकुतलेला थर धरे. नवशिका कामगार तो झाऱ्याने ओढून टाकू लागला की वृद्ध खिळेजुळारी नाना त्याचा हात धरीत, राळेचा खडा रसात टाकीत, उठणाऱ्या धुराला काडी लावीत आणि ज्वाला विझेपर्यंत पळी तळापासून ढवळीत राहत. मग तो करडा थर पाहता पाहता रसात विरून जाई, आणि वर उरे ती चिमूटभर काळी भुकटी व तिच्याखाली आरशासारखा लखलखीत पृष्ठभाग.

यामागील कार्यकारणभाव मला उमगला तो पुढे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकताना. खिळ्याचा धातू निव्वळ शिसे नव्हे. शिसे मऊ, म्हणून काठिण्यासाठी त्यात अँटिमनी, आणि अक्षराच्या बारीक कोपऱ्यांत रस पोचावा म्हणून कथील. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, तर सुमारे ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असे लायनोटाइपचे, म्हणजे सबंध ओळ ओतणाऱ्या यंत्राचे, मिश्रण २४० अंशांच्या आसपासच द्रवते. या मिश्रणाचा हवेशी संयोग होतो तेव्हा कथिलावर प्राणवायूची झडप आधी पडते. म्हणजे वरचा थर खरडून टाकणारा मनुष्य मळ म्हणून नेमका सर्वांत मोलाचा अंशच फेकीत असतो. राळ, मेण किंवा कोरडा भुसा जळताना त्यातील कार्बन तो प्राणवायू काढून घेतो आणि कथील पुन्हा धातुरूपाने रसात उतरते. मात्र भुसा कोरडाच हवा. रसाखाली गेलेल्या ओलाव्याची क्षणार्धात वाफ होऊन वितळलेले शिसे अंगावर उडते.

जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत खिळ्यांचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला, आणि राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या देवनागरी अक्षरांनी संस्कृत ग्रंथांना जे देखणे रूप आले, ते पाहताना मला त्या कोरणाऱ्या हातांइतकीच ओतणाऱ्या हातांचीही आठवण होते. कारण कथील उणे पडले असते तर ती वळणे साच्यातच बोथट झाली असती.

ऑफसेट छपाई आली, खिळे मोडीच्या भावाने वजनावर गेले. त्यानंतर मुलाकडे अमेरिकेत राहावयास गेलो असता शेजारच्या एका गृहस्थांच्या गॅरेजमध्ये तीच कढई, तोच वास! हे गृहस्थ नेमबाजीसाठी घरीच गोळ्या ओततात, आणि बंद पडलेल्या छापखान्यांचे लायनोटाइप शिसे मिळाले तर ते आनंदाने घेतात. ज्या धातूने पुस्तके छापली त्याच्या गोळ्या व्हाव्यात, हे मला मनापासून रुचले नाही, आणि तसे मी त्यांना सांगितलेही. परंतु मेणाचा तुकडा टाकून ते ज्या सबुरीने ढवळीत होते ती सबुरी नानांचीच होती.

एक गोष्ट मात्र तेथे नवी दिसली. उरलेली भुकटी श्वासावाटे गेल्यास विषारी, म्हणून ते ती झाकणाच्या डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून, घातक कचऱ्याच्या संकलनाकडे देत. दार उघडे ठेवून, पंखा लावून काम करीत आणि हात घासून धुतल्याखेरीज पाण्याच्या पेल्यालाही शिवत नसत. आमच्याकडे नाना त्याच हातांनी पडवीत बसून भाकरी खात. छापखान्याच्या जमाखर्चात राळेची नोंद असे, साबणाची नसे.