नांदेड-लातूर : एक परतीची वाट

नांदेडहून लातूरला निघालात की गोदावरी मागे राहते. लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे येत जातात. बालाघाटाच्या चढउतारांवर दुतर्फा सोयाबीन आणि तूर डोलत असते. दिवसा ही वाट प्रसन्न वाटते. रात्री मात्र दिवा नसलेली बैलगाडी समोर येईपर्यंत दिसत नाही.

याच वाटेवर एका लग्नाहून परतताना मी मद्य घेऊन गाडी चालवीत होतो. पोलिसांनी थांबवून श्वासचाचणी घेतली. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कारावास, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पहाटे जामिनावर सुटलो, तेव्हा दाराशी उभी असलेली मुलगी काहीच बोलली नाही. दंडाहून ते मौन जड होते.

अडविणाऱ्या हवालदाराचा मी कित्येक दिवस राग केला. पुढे उमगले, त्याने माझ्या हातून होऊ शकणारा अनर्थ टाळला होता. मग उपचार घेतले. व्यसन हा आजार आहे, हे पुण्यात १९८६ साली अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने मराठी घरांना समजावले आहेच.

कॉफीने वा गार पाण्याने मद्य उतरत नाही; यकृत आपल्याच गतीने काम करते. म्हणून परतीची सोय निघण्यापूर्वीच करा.

आता मी एसटीने जातो. लातूरच्या गंजगोलाईत उतरून मुलीसाठी काहीतरी घेतो. ती आता बोलते.