अशोकाची दिल्ली

'सिव्हिलायझेशन फोर' (2005) मध्ये ब्राँझ वर्किंग शिकलं की गुलामगिरी लागू करता येते. शहरातल्या लोकांचा बळी द्यायचा, बांधकाम लगेच पूर्ण! मी अशोक घेऊन स्वतःलाच नियम घातले: गुलामगिरी नाही, जुना सेव्ह लोड करणे नाही. 'मॉरल सायन्सचा तास आहे का रे?' इति रूममेट. (कॉन्व्हेंटवाल्यांना हे टोमणे नेहमीचेच!)

परवा रात्री मॉन्टेझुमा दिल्लीच्या वेशीवर. तटबंदीला चार टर्न बाकी, आत एकच तिरंदाज. अशोक 'स्पिरिच्युअल', म्हणजे कायदा बदलायला अराजकसुद्धा लागत नाही. रूममेट ओरडला, 'मार ना एक लोकसंख्या!' माऊस माझ्या हातात होता. नाही मारली.

दिल्ली पडली. राजवाडा मुंबईला हलला. रूममेट दोन दिवस बोलला नाही. दिल्लीतले पिरॅमिड त्यानेच बांधले होते, मी जर्नल लिहीत बसलो होतो तेव्हा.