सुट्टे आहेत का?

खरं सांगते, मी काही नाणेसंग्राहक वगैरे नाही. माझ्याकडे अल्बम नाही, भिंग नाही. आहे तो फक्त बिस्किटांचा एक जुना डबा. रात्री पर्स रिकामी करायची, चिल्लर उलटीपालटी करून बघायची आणि एखादं ‘इंटरेस्टिंग’ नाणं डब्यात टाकायचं. बस्स!

ही सवय लावली बेस्टच्या एका कंडक्टरकाकांनी. फोर्टात बसमध्ये त्यांनी सुट्टे परत दिले, त्यात दोन रुपयांचं अकरा कोनांचं नाणं होतं. भारताचा नकाशावालं. ‘‘मॅडम, सालाखाली बघा. हिरा असेल तर आपल्या मुंबईचं. चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता.’’ बघते तर हिरा! फोर्टातल्या टांकसाळीत पाडलेलं नाणं देशभर हिंडून पुन्हा फोर्टातच मला भेटलं असेल, या कल्पनेनंच मी खूश.

मग काय, नादच लागला. २००२ चे संत तुकाराम भाजीवाल्या मावशींकडे मिळाले, २००९ चे लुई ब्रेल चहाच्या टपरीवर. दहाची नाणी तर दिसतील ती डब्यात.

आणि गेल्या वर्षी डब्याची परीक्षाच झाली. फ्रीलान्सिंगचं तुम्हाला माहितीये ना? लेख छापून येतो, मानधन येत नाही. महिनाअखेर, दोन पेमेंट्स अडकलेली. वाण्याकडे क्यूआर कोड स्कॅन केला, तर खात्यात पैसेच नाहीत! पिशवी तिथेच ठेवून घरी आले आणि डबा घेऊन परत गेले.

काकांनी दहाची नाणी बाजूला सारली. ‘‘ही चालत नाहीत.’’

‘‘काका, रुपयाचं चिन्ह असो-नसो, सगळी चालतात. चौदाही डिझाइन्स खरी आहेत, रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच सांगितलंय.’’ एरवी मी इतकी भांडत नाही. पण त्या दिवशी प्रश्न डाळ-तांदळाचा होता.

बिल ३५१. मोजले ३४७. आणि माझ्या मुठीत लपवलेली दोन नाणी, तुकाराम आणि तो हिरावाला नकाशा. बरोब्बर चार रुपये!

‘‘राहू दे गं चार रुपये,’’ काका म्हणाले. पण इतकं भांडून झाल्यावर उधारी? मूठ उघडली.

पुढच्या आठवड्यात पैसे जमा झाले. धावत वाण्याकडे गेले, तर दोन्ही नाणी कधीच कुणाच्या तरी खिशातून पुढे गेलेली. नाणंच ते, फिरणारच!

डब्यात उरले होते फक्त चार आणे. २०११ च्या जूनअखेरीस ते चलनातून बाद झाले, म्हणून वाचले.

आता मोबाइल खिशात असला तरी टपरीवरचा सकाळचा चहा मी नोट देऊनच घेते. सुट्टे हवेत ना! परत आलेलं प्रत्येक नाणं आधी उलटं करून बघते.

तुम्हाला अकरा कोनांचं एखादं मिळालं, तर सालाखाली नक्की बघा. हिरा असेल तर कदाचित ते माझंच असेल.