सड्यावरचा योगमठ

कोल्हापुराहून आजऱ्याच्या वाटेने आंबोलीस येणाऱ्या प्रवाशाला, आपण समुद्रसपाटीपासून जवळजवळ सातशे मीटर उंचीवर आलो आहोत, याचा पत्ता सहसा लागत नाही, कारण देशावरची ती चढण फार सौम्य आहे. घाट उतरू लागल्यावर मात्र तीसेक किलोमीटरांच्या अंतरात हवा, वृक्ष, घरांची छपरे आणि माणसांची बोली ही सारी एकामागून एक पालटत जातात, आणि सावंतवाडी येते तो तांबड्या जांभ्याचे राज्य पुरतेपणी सुरू झालेले असते. पौषातल्या एका सकाळी मी या वाटेने उतरलो तो एका स्नेह्यांच्या आग्रहामुळे. त्यांनी कुडाळ तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला जमीन घेतली होती, तेथे वीस-बावीस साधकांना राहून योगाभ्यास करता येईल अशी निसर्गाशी सुसंवादी वास्तू उभारण्याचा त्यांचा मानस होता, आणि इमारतींच्या नकाशांत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याने ती जागा आधी पाहावी अशी त्यांची इच्छा होती.

घाटभर ते मला आपल्या मनातली वास्तू वर्णन करून सांगत होते. तिच्या पश्चिमेला जमिनीपासून छपरापर्यंत अखंड काच असावी, म्हणजे आसने करता करता साधकाला खोरे दिसेल, हा तिचा गाभा होता. मी त्यांना स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेची आठवण दिली. पंधराव्या शतकाच्या सुमाराचा हा ग्रंथ आसनांकडे वळण्यापूर्वी मठाचे वर्णन करतो: दार लहान, खिडकी किंवा भोक मुळीच नाही, उंची अति नाही आणि अल्पही नाही, जमीन शेणाने दाट सारवलेली, बाहेर मंडप, ओटा आणि विहीर, आणि सभोवार भिंत. त्याहीआधी हा मठ नीतिमान राज्यात, भिक्षा सुखाने मिळणाऱ्या निरुपद्रवी प्रदेशात असावा अशी अट आहे. वास्तुशास्त्राच्या आधी राज्यकारभाराचा विचार करणारा हा ग्रंथकार मला नेहमीच व्यवहारी वाटत आला आहे. आम्हालाही जागेवर पोहोचण्यापूर्वी सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा घेऊन तलाठ्याच्या कचेरीत अर्धा दिवस काढावा लागलाच. पण मुद्दा खिडकीचा होता. दृष्टी आत वळवण्यासाठी जे घर बांधायचे, त्याने दृष्टीला बाहेर बोलावणे पाठवावे, ही गोष्ट मला पटत नव्हती.

सड्यावर उभे राहिल्यावर या वादात तिसरा पक्ष उपस्थित झाला, तो पावसाचा. आमच्याबरोबर आलेल्या वृद्ध गवंड्याने दृश्याकडे नजरही टाकली नाही. "आधी पाणी खंयसून येता ता बघूया," असे म्हणून तो उतारावरच्या वाळक्या गवतात व्हाळाच्या जुन्या खुणा शोधीत हिंडला. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस येथे आडवा मारतो. जून ते सप्टेंबर या काळात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाणी ओतून जातो. शंभर चौरस मीटरांच्या छपरावर याचा हिशेब तीन लाख लिटर होतो, आणि तरीही जांभा सच्छिद्र असल्याने तेच पाणी झरपून जाऊन चैत्रात सड्यावरच्या विहिरी तळ दाखवू लागतात. पश्चिमेची काच या पावसात किती टिकेल, टिकली तरी तिच्यातून येणाऱ्या दुपारच्या उन्हाने आतल्या माणसांचे काय होईल, याचे उत्तर गावातली घरे केव्हाच देऊन बसली आहेत: पश्चिमेस खोल पडवी, पुरुषभर उंचीपर्यंत उतरलेले छप्पर, आणि पावसाळ्यापुरती पडवीच्या तोंडाला बांधलेली झावळांची झड.

जांभ्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने 1807 साली मलबारातल्या दगडावरून ज्याला लॅटराइट हे नाव दिले तो हाच. खाणीत ओला असताना हत्याराने सहज कापला जातो आणि उघड्यावर ठेवला की वाळून कठीण होत जातो. चिऱ्याला भट्टी लागत नाही. सिमेंटासाठी चुनखडी सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते, येथे ऊन आणि वारा यांवरच काम भागते. परंतु एवढ्यावरून जांभ्याला निसर्गमित्राची सनद देऊन मोकळे होणाऱ्यांनी एकदा सड्यावरच्या सोडलेल्या खाणी पाहाव्यात. शेजारच्याच गावात आम्ही अशी एक खाण पाहिली: चौकोनी, खोल, तळाशी हिरवट पाणी, आणि सड्यावर पावसाळ्यात फुलणाऱ्या तिरड्यांचा मागमूस नाही. तेव्हा ठरले ते असे, की नवा चिरा फक्त जोत्याला आणि भार वाहणाऱ्या भिंतींना घ्यावा, दर्जा चुन्यात भराव्यात, आणि वासे, दारे, कौले ही शक्यतो मोडत्या घरांतून विकत घ्यावीत. मुंबईस गेलेल्यांची अशी घरे या मुलखात दुर्दैवाने पुष्कळ आहेत.

अभ्यासाच्या दालनाला मी सर्वाधिक वेळ दिला. या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात माध्यान्हीचा सूर्य ऐन डोक्यावर येतो, म्हणून तापते ते छप्पर, भिंती नव्हेत. आढ्यापाशी उष्ण हवेला वाट आणि जोत्यालगत थंड हवेला प्रवेश दिला की प्राणायामाला बसलेल्यांना पंख्याची गरज बहुधा भासणार नाही. एवढ्यापुरती मी ग्रंथकाराची आज्ञा मोडली. या दमट हवेत झरोक्यावाचूनचा मठ म्हणजे आठवड्यात बुरशीचे आगर. सारवलेल्या जमिनीचा स्नेह्यांना मोह होता. दर आठवड्यास सारवणार कोण, असे मी विचारताच ते गप्प झाले, आणि घोटलेल्या लाल कोब्यावर तडजोड झाली. पुण्यात अय्यंगारांच्या 1975 पासूनच्या योगसंस्थेत भिंतींना दोर टांगून आसने करवितात, तशी सोय येथेही हवी होती. सच्छिद्र जांभ्यात खुंटी धरणार नाही म्हणून त्या भिंतीत किंजळीची तुळई आडवी बसवण्याची तजवीज केली.

काचेचा हट्ट स्नेह्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. शेवटी पडवीच्या आतल्या भिंतीत, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, दीड हात रुंदीची एक खिडकी मान्य झाली, तीही लाकडी झडपेची. गवंड्याने फक्की मारून रेषा आखल्या, आणि खिडकीच्या जागेकडे पाठ करून इसाऱ्याच्या रकमेची गोष्ट काढली. पाडव्यापर्यंत जोते झाले नाही तर काम पुढच्या वर्षावर जाईल, असे त्याने बजावले, "मिरगाआदी कौलां चढूक व्हयी." स्नेह्यांनी त्याच संध्याकाळी सावंतवाडीत जुन्या वाशांची चौकशी सुरू केली.