माळावरचा चैत्र, सायकलच्या वेगाने

पक्षी बघायला काय लागतं असं कुणी विचारलं, की मी दुर्बिणीच्या आधी वाहनाचं नाव घेतो. आपण कशाने जातो यावर काय दिसणार हे निम्मं ठरून जातं. मोटारीने गेलं की ठरलेली ठिकाणं तेवढी हाती लागतात, मधला मुलूख काचेबाहेरून सरकत राहतो. मला तो मधला मुलूखच हवा असतो. म्हणून पाडव्याच्या आगेमागे मी घडीची सायकल काखोटीला मारून दौंडकडे जाणारी सकाळची पॅसेंजर पकडतो, केडगावला उतरतो आणि सुप्याच्या माळाला लागतो.

पॅसेंजरने गेलं की पहाट हुकते, हे खरं. पण हडपसर मागे पडलं की खिडकीतूनच काम सुरू होतं. गाडीतून पक्षी दोन सेकंद दिसतो. रंग हेरायला गेलात तर तो गेलेला असतो, म्हणून ठेवण बघायची. तारेवर ताठ बसलेला, शेपटीच्या मधोमध सुईसारखं टोक निघालेलं, तो वेडा राघू. शेपूट टोकाला दुभंगलेली, तो कोतवाल. डोकं मोठं, मान आखूड, अंग जाड आणि बसणं आळसटलेलं, तो नीलपंख. उडताना पंखांतली निळाई दिसलीच, तर ती वरकड. यवत, खुटबाव येईपर्यंत डोळा या हिशेबाला सरावतो. पुढे माळावर ढेकळांच्या रंगाचे पक्षी ओळखायचे असतात, तिथे ही सवय उपयोगी पडते.

केडगावला गुऱ्हाळांचा गोडसर धूर नाकात भरतो. चौफुल्याला सोलापूर महामार्ग ओलांडला की ऊस विरळ होत जातो आणि हिवर, बाभळी, बोरी आणि पिवळं पडलेलं गवत सुरू होतं. वसंत म्हणून कुणी इथे फुलं शोधायला आला तर हिरमुसेल. एखादा कडुनिंब मोहरलेला असतो, तेवढंच. या माळावर वसंत कानांनी ओळखायचा, आणि त्यासाठी सायकलसारखं वाहन नाही. इंजिनाची घरघर नाही, आणि पायी चालण्यापेक्षा चौपट मुलूख कानांखालून जातो. वारा समोरून असला तर मात्र कानांत नुसता घोंघाट भरतो. अशा वेळी मान किंचित वळवायची, म्हणजे एक कान आडोशाला येतो आणि ऐकू लागतो.

थांबण्याचंही एक तंत्र आहे. मोटारीतल्या माणसाला पक्षी फारसे बिचकत नाहीत. सायकलवाला चालता असतो तोवर त्यालाही सोसून घेतात; तो थांबला, पाय टेकला, की भुर्रकन उडाले. म्हणून पक्षी दिसला त्या जागी ब्रेक दाबायचा नाही. त्याच्याकडे न बघता त्याच चालीने पुढे जायचं, पन्नासेक पावलांवर उतरायचं, सायकल आडवी करून बसायचं. धाविक मला नेहमी असाच मिळतो. तुरुतुरु धावतो, ताठ उभा राहतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. थांबला की मातीत विरघळतो, धावला की पुन्हा दिसतो.

पण सकाळ खरी गाजवतो तो डोंबारी चंडोल. नर चिमणीपेक्षाही लहान. डोक्यावर राखी टोपी, छाती-पोट काळं. फडफडत उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, येताना लांब शीळ घालतो. आता आपटणार असं वाटतं तोच पंख उघडून पुन्हा वर. असं बऱ्याचदा करून झालं की एखाद्या ढेकळावर बसतो. शेजारच्या शेतावर दुसरा हेच करत असतो. साइक्सचा चंडोल त्याहून वस्ताद. तो आपल्या गाण्यात इतर पक्ष्यांचे आवाज मिसळतो, आणि आपण मान वर करून भलताच पक्षी शोधत बसतो. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्यातच या चंडोलाचं पहिलं वर्णन आहे. म्हणजे हा इथल्याच मातीवरून विज्ञानात गेलेला पक्षी. याच दिवसांत थंडीचे पाहुणे भोवत्ये मात्र कझाकस्तानच्या गवताळ मुलखाकडे निघालेले असतात. एखादा मागे राहिलेला गवतालगत तरंगत जातो.

एकदा असाच बसलो होतो, तर मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगर आजोबांनी विचारलं, "काय हरवलंय का पाव्हणं?" टिटव्या बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "मग हितं नका बसू. त्या खडकाळीत हाय ती. कुत्रं जवळ गेलं की लय वरडती." ती माळटिटवी होती, डोळ्यांपुढे पिवळ्या गाठी असलेली. मी लांबूनच दुर्बीण लावली. उघड्या खड्यांत नुसती खळगी, त्यात चार अंडी. दुर्बीण हलली की ती पुन्हा शोधावी लागत होती, इतकी ती खड्यांत मिसळलेली.

माळटिटवीची वीण मुख्यतः मार्च ते मे. धाविक, चंडोल, सगळेच जमिनीवर अंडी घालणारे. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकारांसाठी राखलं गेलं, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटर. भोवतालचा बराचसा माळ कागदोपत्री पडीक, आणि पडीक जमिनीवर गाडी घालायला कुणी कचरत नाही. फोटोसाठी धाविकाच्या मागे गवतात शिरलेल्या मोटारींचे माग मी पाहिले आहेत. चाकाखाली आलेलं अंडं आत बसलेल्याला कळतसुद्धा नाही.

अकरानंतर ऊन चढतं, माळ गप्प होतो आणि मी सायकल केडगावकडे वळवतो. यादी मोटारवाल्यांपेक्षा तोकडीच असते, त्याचं मला काही नाही. पण या दिवसांपुरता एक नियम मी केला आहे: सायकलसुद्धा गाडवाट सोडणार नाही. वाटेवरून दिसतील ते पक्षी आपले. आतले दिवाळीनंतर बघू, पिल्लं उडून गेल्यावर.